इंग्लंडमधल्या मराठी घरात डिमेन्शिया: निदानापासून देखभालीपर्यंत हक्काची मदत कशी मिळवावी

ब्रिटिश संसदेतील एका सर्वपक्षीय गटाने २०१३ साली असा अंदाज मांडला होता की, इंग्लंड आणि वेल्समधील अल्पसंख्याक वांशिक समाजांतल्या डिमेन्शियाग्रस्तांची (स्मृतिभ्रंश झालेल्यांची) संख्या सुमारे २५ हजारांवरून २०५१ पर्यंत १ लाख ७२ हजारांवर जाईल. गेल्या शतकाच्या मध्यानंतर इथे स्थायिक झालेली पिढी आता वृद्ध होत आहे, हे त्याचे मोठे कारण. तरीही दक्षिण आशियाई कुटुंबे मेमरी क्लिनिकपर्यंत, म्हणजे स्मृतीच्या तक्रारी तपासणाऱ्या दवाखान्यापर्यंत, पोहोचतात ती बहुधा उशिरा. याचा सगळा दोष व्यवस्थेवर टाकता येणार नाही, कारण ‘साठी बुद्धी नाठी’ किंवा ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून विषय मिटवण्याची आपली सवयही तितकीच जुनी आहे. मात्र घराने पाऊल उचलल्यानंतर जे अडथळे येतात ते व्यवस्थेचे असतात, आणि ते मागणी केल्याशिवाय सहसा दूर होत नाहीत.

जीपीकडे (आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे) जाण्यापूर्वी दोन-तीन आठवडे वहीत नोंदी ठेवाव्यात. ‘हल्ली फार विसरतात’ या वाक्याचा डॉक्टरांना उपयोग नसतो; चाळीस वर्षे केलेल्या आमटीला फोडणी दिल्यावर पुढे काय घालायचे हे न सुचून आई ओट्यापाशी तशीच उभी राहिली, असे तारखेसह लिहिलेले उपयोगी पडते. बी-१२ आणि थायरॉइडच्या रक्तचाचण्या होतील याकडे लक्ष द्यावे, कारण यांच्या कमतरतेनेही विस्मरण होते आणि वर्षानुवर्षे शाकाहारी असलेल्या माणसात बी-१२ कमी असणे मुळीच दुर्मीळ नाही. ऐकू कमी येत असेल तर तेही तपासून घ्यावे.

भेट ठरवतानाच दुभाषा मागावा आणि ‘मराठी’ हा शब्द ठळकपणे लिहून द्यावा, अन्यथा रुग्ण भारतीय म्हणून हिंदी किंवा गुजराती बोलणारी व्यक्ती समोर येण्याचा संभव असतो. एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, ही सेवा रुग्णाला विनामूल्य मिळते. वडिलांना इंग्रजी उत्तम येत असे, म्हणून दुभाषाची गरज नाही असे समजू नये. या आजारात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते. घरच्या माणसाने दुभाषा होणे टाळावे, आणि त्यामागचे कारण नीट समजून घ्यावे. आजची तारीख विचारल्यावर आईने ‘आज संकष्टी, माझा उपास आहे’ असे उत्तर दिले, तर मुलगा मायेपोटी तिच्या वतीने तारीख सांगून मोकळा होतो आणि एक खरी चूक झाकली जाते. उलट, संकष्टी म्हणजे काय हे ठाऊक नसलेला दुभाषा उत्तर सरळ चुकीचे ठरवतो आणि तिला तिथी अचूक माहीत होती ही गोष्टच नोंदीबाहेर राहते. म्हणून मुलाने शेजारी बसावे, चाचणी चालू असताना गप्प राहावे आणि ती संपल्यावर असे संदर्भ तज्ज्ञांना सांगावेत.

चाचणीची निवडही महत्त्वाची असते. इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग उलटे सांगणे, शंभरातून सात-सात वजा करत जाणे अशा प्रश्नांत शाळा जितकी तपासली जाते तितकी स्मृती तपासली जात नाही. चौथीनंतर शाळा सुटलेल्या बाईंचे शिक्षण किती झाले हे आधीच सांगावे आणि ‘रुडास’ वापरता येईल का असे विचारावे. सिडनीत बहुभाषिक लोकवस्तीसाठी तयार झालेल्या या ३० गुणांच्या चाचणीत बाजारातून आणायच्या वस्तू लक्षात ठेवणे, गर्दीचा रस्ता कसा ओलांडाल हे सांगणे असे प्रश्न असतात. घनाकृतीचे चित्र मात्र तिथेही काढावे लागते, त्यामुळे शाळेचे ओझे पूर्णपणे उतरलेले नाही.

निदान झाले की कौन्सिलकडे (स्थानिक प्रशासनाकडे) दोन अर्ज करावेत: रुग्णाच्या गरजांच्या मूल्यमापनाचा आणि देखभाल करणाऱ्याच्या मूल्यमापनाचा. केअर ॲक्ट २०१४ नुसार हे दोन्ही हक्क आहेत. ‘तुमच्यात घरचेच सगळे करतात ना?’ असा प्रश्न आला तर ‘आमचे आम्ही बघतो’ हे शालीन उत्तर अजिबात देऊ नये, कारण ते तसेच कागदावर उतरते. रात्री किती वेळा उठावे लागते आणि त्यासाठी सुनेने नोकरीचे किती तास कमी केले ते सांगावे. मदत मंजूर झाली तर ‘डायरेक्ट पेमेंट’बद्दल, म्हणजे मदतीऐवजी तिचे पैसे थेट हाती घेण्याबद्दल, अवश्य विचारावे, कारण त्या पैशातून मराठी बोलणारी, मऊ वरणभात भरवू शकणारी मदतनीस स्वतः नेमता येते. पेन्शनचे वय झालेल्या, देखभालीची गरज असलेल्यांसाठीचा अटेंडन्स अलाउन्स हा सरकारी भत्ता उत्पन्नावर अवलंबून नसतो. व्हिसावर अटी असल्यास अर्जापूर्वी सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेकडे चौकशी करावी.

लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नीचे, म्हणजे निर्णयक्षमता गेल्यावरही आपल्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार विश्वासातल्या माणसाला देणाऱ्या दस्तऐवजाचे, काम लांबवू नये. मालमत्तेसाठी एक आणि आरोग्यासाठी एक असे दोन स्वतंत्र दस्तऐवज असतात आणि व्यक्तीची निर्णयक्षमता शाबूत असतानाच ते करता येतात. पुण्यातल्या फ्लॅटसाठी भारतात केलेले मुखत्यारपत्र पुरेल असे अनेकजण धरून चालतात. पण भारतीय करार कायद्यानुसार, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते मुखत्यारपत्रही संपते. तिथल्या मालमत्तेसाठी भारतातील वकिलाचा सल्ला वेगळा घ्यावा.

रुग्णालयात किंवा केअर होममध्ये ठेवण्याची वेळ आली, तर अल्झायमर्स सोसायटीचे ‘धिस इज मी’ हे पत्रक भरून सोबत द्यावे आणि त्यात ‘शाकाहारी’ एवढेच लिहून थांबू नये. अंडे चालत नाही, अंघोळीआधी खात नाहीत, मंगळसूत्र काढायला लावले तर घाबरतात, ‘अगं आई गं’ म्हणजे दुखते आहे, हे सगळे लिहावे. रोजच्या वापरातले दहा-बारा मराठी शब्द, पाणी, दुखतंय, शी, शू, नको, इंग्रजी लिपीत मोठ्या अक्षरांत लिहून खाटेजवळ लावावेत. रात्रपाळीच्या परिचारिकेला त्यांचाच आधार असतो.