मुलूच्या गुहा बघायला जाताय? जीन्स घरी ठेवा

मलेशियाच्या सारावाकमधल्या गुनुंग मुलूच्या जंगलात जीन्स एकदा भिजली की परतीपर्यंत वाळत नाही. पटकन सुकणारी पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जळवा आत शिरू नयेत म्हणून गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे घ्या. हातातल्या टॉर्चऐवजी हेडलॅम्प बरा, कारण गुहेत हात कठड्याला धरायला लागतात. जादा सेलही हवेत. डीअर केव्हमध्ये डोक्यावर लाखो वटवाघळं असतात. टोपी घालाच, आणि वर बघताना तोंड मिटून! महागड्या ट्रेकिंग बुटांपेक्षा तिकडे स्वस्तात मिळणारे रबरी 'काम्पुंग' बूट मला आवडतात: निसरड्यावर पकड चांगली, पाणी शिरलं तर उलटे करून ओतून टाकायचं. सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका, कपडे झिपच्या पिशव्यांत भरा.