चार्जिंग कधी होते, कधी होत नाही: कारच्या बॅटरीचा दोष शोधताना या चुका टाळा

गाडी आठवडाभर एका सेल्फमध्ये सुरू होते, आणि नेमकी एखाद्या पावसाळी रात्री घरापासून लांब असताना किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक करून गप्प बसते. दुसऱ्या दिवशी जंपर केबल लावून तिला गॅरेजमध्ये नेले, की मेकॅनिक बॅटरीवर मीटर लावतो, चौदा व्होल्टच्या आसपासचा आकडा दाखवतो आणि ‘चार्जिंग बरोबर आहे, बॅटरीच गेली’ असा निकाल देतो. मीटरने दाखवलेला आकडा खरा असतो. तो लावला तेव्हा दोष मात्र हजर नसतो. अधूनमधून उद्भवणाऱ्या चार्जिंगच्या तक्रारीत जो वेळ आणि पैसा वाया जातो, तो बहुतेक वेळा येथूनच वाया जायला सुरुवात होते.

उतरलेली बॅटरी म्हणजे खराब बॅटरी नव्हे

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे साधारण निम्मी आणि बाराच्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. हा आकडा बॅटरी किती भरलेली आहे एवढेच सांगतो, तिची प्रकृती सांगत नाही. प्रकृती पाहायची असेल, तर ती आधी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी आणि मग सेल्फ मारताना व्होल्टेज कुठवर घसरते ते पाहावे. सामान्य तापमानाला ते 9.6 च्या खाली जाऊ नये. गाडी नुकतीच फिरवून आणल्यावर घेतलेला आकडा फसवा असतो, कारण त्या वेळी बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि तो काही तासांत ओसरतो.

नवी बॅटरी बसवल्याने तक्रार थांबते, हेही खरेच. पण ती भरलेल्या घागरीसारखी असते. नळ मधूनच बंद पडतो आहे हे घागर रिकामी होईपर्यंत कोणाला कळत नाही, आणि तोवर दुरुस्तीचा दिवस व दोष यांचा संबंध कोणाच्या लक्षातही राहत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीत मी हीच चूक केली. जूनमध्ये बॅटरी बदलली आणि ऑगस्टमध्ये पुण्याहून चिपळूणला जाताना कोयनानगरला चहासाठी थांबलो, तर तीच नवी बॅटरी सेल्फ घेईना.

भार न टाकता, थंड इंजिनावर घेतलेला आकडा

त्या प्रवासानंतर एका गॅरेजमध्ये अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे आणि बॅटरी भरणारे यंत्र) उतरवून बेंचवर, म्हणजे गाडीबाहेर चाचणीच्या टेबलावर, तपासला, तो पास झाला. पुन्हा बसवून गाडीवर पाहिले, बॅटरीवर 14.0 व्होल्ट आले. तरीही मन मानेना, म्हणून लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा एक स्वस्त व्होल्टमीटर विकत घेतला आणि तो समोर ठेवून नेहमीसारखी गाडी चालवू लागलो. पहिले चार दिवस काहीच घडले नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळच्या पावसात हेडलाइट, वायपर, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डीफॉगर हे सगळे चालू असताना, निघाल्यापासून सुमारे पाऊण तासाने, आकडा 13.6 वरून हळूहळू घसरत 12.3 वर येऊन थांबला. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा या सगळ्या काळात एकदाही लागला नाही.

गाडी बाजूला घेतली, इंजिन चालू ठेवले आणि बॉनेट उघडून साध्या मल्टिमीटरने दोन मापे घेतली. अल्टरनेटरच्या मागच्या जाड टर्मिनलपासून इंजिनाच्या धातूपर्यंत 14.4 व्होल्ट होते, तर बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये 12.3 होते. म्हणजे अल्टरनेटर वीज तयार करत होता आणि दोन व्होल्टांहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडत होता. तपासल्यावर सापडले ते असे: अल्टरनेटरकडून बॅटरीकडे येणाऱ्या जाड लाल केबलच्या टोकाला दाबून बसवलेला तांब्याचा लग (केबल टर्मिनलला जोडणारा धातूचा तुकडा) आतून हिरवा पडला होता, आणि वर रबरी टोपी असल्यामुळे बाहेरून तो अगदी व्यवस्थित दिसत होता.

यामागचा हिशेब साधा आहे आणि तो एकदा समजून घेतला, की बराचसा गोंधळ संपतो. समजा त्या जोडात 0.05 ओहम एवढाच विरोध आहे. गॅरेजमध्ये सगळे बंद ठेवून तपासताना केबलमधून दहा अँपियर प्रवाह जात असेल, तर अर्धा व्होल्ट कमी होईल, 14.5 चे 14.0 होतील आणि कोणालाही शंका येणार नाही. रात्री पावसात चाळीस अँपियर जाऊ लागले, की त्याच जोडावर दोन व्होल्ट पडतात, ऐंशी वॉट उष्णता तिथल्या तिथे तयार होते, जोड तापतो आणि तापल्यावर त्याचा विरोध आणखी वाढतो. थंड झाला की पुन्हा साळसूद. बेंचवर अल्टरनेटर पास झाला, कारण तेथे बेंचची स्वतःची केबल लावली होती. दोषी केबल गाडीतच राहिली होती.

म्हणून तपासणी इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, सगळे दिवे व ब्लोअर चालू ठेवून आणि इंजिनाचा वेग दीड ते दोन हजार फेऱ्यांवर धरून करावी. अल्टरनेटरचे जाड टर्मिनल आणि बॅटरीचा धन खांब यांमध्ये थेट मीटर लावल्यास फरक 0.3 व्होल्टच्या आत यायला हवा. अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा ऋण खांब यांमध्ये तो 0.2 च्या आत असावा. दुसरे माप जास्त आले, तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी पाहावी. खाऱ्या हवेमुळे कोकणातल्या गाड्यांमध्ये ती लवकर खराब होते. टर्मिनल पाहताना ‘घट्ट आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. क्लॅम्प काढून आतले दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासावेत. ऋण टर्मिनल आधी काढावे आणि शेवटी लावावे.

लाल दिव्यावर विसंबणे

वरच्या प्रकरणात दिवा लागला नाही, कारण तो अल्टरनेटरच्या आत काय चालले आहे ते पाहतो. पुढच्या केबलमध्ये काय होते त्याची त्याला खबर नसते. याच्या उलट प्रकारही घडतो. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा थोडासा प्रवाह या दिव्याच्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब उडाला किंवा त्याची बारीक तार प्लगपाशी सैल झाली, तर अल्टरनेटर झोपून राहतो आणि एखादे वेळी इंजिन जोरात फिरवल्यावर अचानक जागा होतो. त्यामुळे किल्ली चालू केल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, हा दिवा लागतो ना हे आधी पाहावे. न लागणारा दिवा पाहून ‘चार्जिंगची तक्रार नाही’ असे समजणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांत एक वाहनचालन शिकवणारेही होते.

दिवा मंदसा लुकलुकत असेल, विशेषतः खड्ड्यांतून जाताना, तर कार्बन ब्रश (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला घासून वीज पोहोचवणारे तुकडे) झिजल्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी चार्जिंग बंद असताना अल्टरनेटरच्या मागच्या भागावर स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टकटक करावी, हात बेल्टपासून लांब ठेवून. चार्जिंग लगेच परत आले, तर निदान जवळपास झालेच. ब्रश अल्टरनेटरच्या मानाने फारच स्वस्त असतात, तरी पूर्ण अल्टरनेटर बदलण्याचा सल्लाच आधी मिळतो.

चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढणे

ही चूक अजूनही रस्त्याकडेच्या कित्येक गॅरेजमध्ये ‘टेस्ट’ म्हणून केली जाते: इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढायचे, गाडी बंद पडली नाही म्हणजे अल्टरनेटर चांगला. अल्टरनेटरच्या आधीच्या, डायनामोच्या काळात हे खपून गेले असेल. आजच्या गाडीत बॅटरी अचानक सुटली, की व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळते आणि त्यात अल्टरनेटरमधला रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग), डायोड किंवा थेट इंजिनाचा संगणक जळू शकतो. कोणी असे करू लागला, तर त्याला स्पष्ट शब्दांत थांबवावे.

सगळ्या तक्रारी एकाच पिशवीत घालणे

गाडी चालवताना बॅटरी उतरते की उभी असताना, हे ठरवल्याशिवाय कशालाच हात लावू नये. रात्रभर उभी राहून सकाळी मरणारी गाडी बहुधा चार्जिंगची नसतेच. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम यांपैकी काहीतरी तिची वीज पीत असते. गाडी लॉक करून अर्धा तास थांबल्यावर बॅटरीतून जाणारा प्रवाह साधारण 50 मिलिअँपियरच्या आत यायला हवा. भिजलेल्या बेल्टची तक्रार याहून सोपी असते: पावसाळ्यात सकाळी काही मिनिटे किंचाळणारा आणि हेडलाइट लावताच जास्त ओरडणारा बेल्ट आपले नाव स्वतःच सांगतो.

नव्या गाड्यांबाबत मात्र सावध राहावे. त्यांतल्या अनेकांत चार्जिंगचे व्होल्टेज संगणक ठरवतो. बॅटरी भरलेली असताना तो ते 12.8 पर्यंत उतरवतो आणि ब्रेक लावताना पंधराच्या जवळ नेतो. हा चढउतार दोष नसतो. मात्र ऋण टर्मिनलवर प्रवाह मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत एखाद्या उपकरणाची अर्थ वायर थेट बॅटरीच्या खांबाला जोडली, तर संगणकाचा हिशेब चुकतो आणि बॅटरी सतत अर्धवट राहते. अशी वायर बॉडीलाच जोडावी.

माझ्या गाडीत शेवटी ती लाल केबल नव्या लगसह बदलली, बॅटरी 3.5 अँपियरच्या चार्जरवर रात्रभर पूर्ण भरून घेतली आणि व्होल्टमीटर आणखी तीन आठवडे सॉकेटमध्येच राहू दिला. पुढच्या पावसात, सगळा भार चालू असताना, केबलच्या दोन टोकांमधला फरक 0.15 व्होल्ट होता.