‘बोर्ड गेलं’ म्हणण्याआधी: ओव्हन उघडायची तयारी

ओव्हन तापेना, डिस्प्लेवर भलतंच काहीतरी उमटलं, की निदान तयारच असतं: ‘बोर्ड गेलं’, म्हणजे ओव्हन चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट बिघडलं. मीही एकदा असंच म्हणालो होतो. नवं बोर्ड मागवलं, बसवलं, आणि डिस्प्लेवर बिघाडाचा तोच कोड तस्साच पुन्हा आला. दोष निघाला मागच्या बाजूच्या एका काळवंडलेल्या प्लगमध्ये. पाकीट फोडलेलं इलेक्ट्रॉनिक बोर्ड परत घ्यायला सहसा कोणी तयार नसतं, त्यामुळे तो धडा चांगलाच महागात पडला. तेव्हापासून पेचकस हातात घेण्याआधीची सगळी तयारी मी आधी उरकून घेतो.

सुरुवात कागद-पेन्सिलीने, आणि तीही ओव्हन चालू स्थितीत असताना. कोड जसाच्या तसा लिहायचा. ‘एफ काहीतरी’ असं लिहून भागत नाही. तो थंड ओव्हनवर लगेच येतो की वीस मिनिटं तापल्यावर? तापल्यावरच येत असेल तर गरम झाल्यावर सुटणाऱ्या जोडाचा संशय घ्यायला जागा आहे. दिवा लागतो का, पंखा फिरतो का, वरचं एलिमेंट (तापणारी सळई) लाल होतं पण खालचं नाही असं आहे का, सुरू करताना आतून रिलेचा, म्हणजे बोर्डावरच्या विजेवर चालणाऱ्या स्विचचा, ‘टिक्’ आवाज येतो का, हेही लिहा. दार उघडलं की चौकटीच्या कडेला एक पट्टी दिसते, तिच्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर उतरवून घ्या. कोडचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. एकीकडे जो कोड तापमान मोजणारा सेन्सर तुटल्याचा, तोच दुसरीकडे कीपॅडचा असू शकतो, म्हणून अर्थ त्याच मॉडेलच्या पुस्तिकेतून किंवा सर्व्हिस शीटवरून घ्यायचा. हे शीट कित्येकदा घडी करून ओव्हनच्याच आत, पॅनेलमागे ठेवलेलं असतं.

मग जरा लाज आणणाऱ्या तपासण्या. वीज जाऊन आल्यावर घड्याळ लावल्याशिवाय तापायचंच नाही, असे बरेच ओव्हन असतात. डिस्प्लेवर किल्लीचं चित्र असेल तर चाइल्ड लॉक लागलंय. शोरूमसाठी डेमो मोडही असतो: त्यात दिवे लागतात, आकडे बदलतात, उष्णता मात्र शून्य. ज्या घरांत ओव्हनला दोन लाइव्ह वायरी येतात तिथे एक तुटली तरी घड्याळ चालू राहतं आणि एलिमेंट थंड पडतं. हे सगळं पाहून झालं की ओव्हनचा एमसीबी (विजेच्या पेटीतला स्विच) पाडून पाचेक मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. बोर्डातला छोटा संगणक अडकला असेल तर एवढ्यानेही सुटतो.

काही वेळा मात्र उघडायचंच नसतं. ओव्हन बंद केल्यावरही तापतच राहिला, तर रिलेचे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटलेले असू शकतात. अशा वेळी एमसीबी पाडायचा आणि दुरुस्ती होईपर्यंत वर करायचा नाही. वॉरंटी चालू असेल तर कंपनीला बोलवा. आणि ओव्हनमध्ये मायक्रोवेव्हही असेल तर आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज धरून असू शकतो. ते काम प्रशिक्षित माणसाचं.

सामान फार लागत नाही. बऱ्यापैकी मल्टिमीटर, पेचकस, लांब चोचीची पक्कड, डोक्याला बांधायचा दिवा, मास्किंग टेप, स्क्रूंसाठी वाटी, आणि फरशीवर टाकायला जुना जाड टॉवेल. हातमोजे विसरू नका, कारण पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि मागे काचतंतूंचं आवरण असतं. भिंतीतला ओव्हन बाहेर काढायला दुसरा माणूस हवाच. दार काढायचं असेल तर बिजागरांचे खटके आधी लावा, नाहीतर स्प्रिंग बोटावर आपटते. खुलासा विचारू नका.

मल्टिमीटरची तयारी वेगळी. पिना एकमेकींना टेकवून ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जवळपास शून्य दाखवतो का बघा. वीज खरंच बंद आहे याची खात्री करताना मीटर आधी चालू सॉकेटवर लावा, मग ओव्हनच्या टर्मिनलवर, मग परत त्याच सॉकेटवर. मधल्या शून्यावर विश्वास ठेवायचा तर मीटर दोन्ही टोकांना जिवंत दिसायला हवा.

कागदावर काही आकडे आधीच लिहून ठेवा, म्हणजे पॅनेल उघडं टाकून शोधाशोध करावी लागत नाही. कित्येक ओव्हनमध्ये पीटी १००० जातीचा सेन्सर असतो: ० अंशाला १००० ओहम, २५ अंशांना सुमारे १०९७, आणि १८० अंशांना साधारण १६८५. पीटी ५०० असेल तर सगळं निम्मं. एलिमेंटचा हिशेब व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट: २३० व्होल्टवर २००० वॅटचं एलिमेंट सुमारे २६ ओहम, १००० वॅटचं सुमारे ५३. मोजताना निदान एका टोकाची वायर काढायची. शिवाय एलिमेंटचं टोक आणि ओव्हनचा पत्रा यांच्यात मीटरने काहीच दाखवता कामा नये. दाखवलं, तर वीज पत्र्यात गळतेय.

आता माझी हुकलेली गोष्ट. सेन्सर त्याच्या बुडाशी मोजून ‘ठीक आहे’ म्हणू नका. बोर्डात जाणारा त्याचा प्लग काढा आणि त्या प्लगच्या पिनांवर मोजा, म्हणजे सेन्सर, वायर आणि मधले जोड सगळेच हिशेबात येतात. सेन्सरपाशी १०९० आणि बोर्डपाशी १४००, असं दिसलं तर दोष वाटेत आहे. थंड ओव्हनचं बोर्ड मात्र ‘शंभरच्या वर तापलोय’ असं समजून बसतं, आणि त्यात बोर्डाची काही चूक नसते. मीटर लावलेला असतानाच वायर हळूच हलवून बघा. आकडा उड्या मारू लागला तर चोर सापडला.

हे सगळं बरोबर निघालं तरच बोर्ड. एकही वायर काढण्याआधी दोन-तीन बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक वायरला टेपची चिठ्ठी लावा. वायरचा जोड ओढून काढताना वायर धरायची नाही, त्याचं धातूचं टोक पकडीत धरायचं. उजेड तिरका पाडून बोर्डाची मागची बाजू बघा. रिलेच्या जाड पिनांभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल भेग दिसली, तर ती नुसत्या पुन्हा केलेल्या सोल्डरिंगनेही बरी होते. पुढच्या बाजूला कपॅसिटरचं टोपण फुगलंय का, रेझिस्टरभोवती बोर्ड करपून तपकिरी झालंय का, एखादं टर्मिनल निळंकाळं पडलंय का, हे बघा. रिले टिक् वाजतो म्हणजे तो चांगला असं धरू नका. आवाज येऊनही त्याचे संपर्कबिंदू जळलेले असू शकतात. चालू विजेवरची मोजणी इलेक्ट्रिशियनवर सोडा. अनेक बोर्डांत ‘पाच व्होल्ट’ म्हणवणारा भागही थेट मुख्य विजेशी जोडलेला असतो.

बटणं आपोआप दाबली जात असतील तर वीज बंद करून कीपॅडची चपटी पट्टी बोर्डातून काढा, पॅनेल झाकून घ्या, मग वीज द्या आणि थोडा वेळ वाट बघा. कोड आला नाही तर संशय कीपॅडवर, आला तर बोर्डावर.

इतकं करून बोर्डच दोषी ठरलं, तर नवं मागवताना मॉडेल नंबरासोबत जुन्या बोर्डाच्या स्टिकरवरचा नंबरही द्या. काही नवी बोर्डं पहिल्यांदा सुरू होताना मॉडेलचा सेटिंग कोड मागतात, तो आधीच विचारून ठेवा. आणि नवं बसवण्याआधी पॅनेलमागचा थंड हवेचा पंखा बोटाने फिरवून बघा. तो जाम असेल तर जुनं बोर्ड त्याच्याच पायी भाजलं असेल, आणि नवंही त्याच वाटेने जाईल.