सेल्स रिपोर्ट कोणी वाचतच नव्हतं, तो कसा सुधारला (माझा अनुभव)

दर महिन्याचा सेल्स रिपोर्ट मीच बनवतो आणि मीटिंगमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "म्हणजे वाढलं का कमी झालं?" ११ तुकड्यांचा थ्रीडी पाय चार्ट, लेजेंड (कोणता रंग कशाचा ते सांगणारी यादी) लांब कोपऱ्यात, नजर सारखी इकडून तिकडे, त्यात थ्रीडीमुळे पुढचा तुकडा उगाच मोठा दिसायचा.

शेवटी पाय चार्ट काढूनच टाकला. आडवे बार केले, मोठ्यापासून लहानाकडे, नावं बारच्या शेजारीच. डोळ्याला कोनापेक्षा लांबी ताडणं सोपं जातं, त्यामुळे १८ आणि २१ टक्क्यांतला फरक लगेच दिसायला लागला.

एक चूक मात्र मनाला लागली. दुसऱ्या एका बार चार्टचा अक्ष शून्याऐवजी ९० पासून सुरू होता, म्हणजे ९२ च्या शेजारी ९६ चा बार चक्क तिप्पट उंच! इतके महिने आपण लोकांना चुकीचं चित्र दाखवत होतो हे कळल्यावर खरंच वाईट वाटलं. बार असेल तर शून्यापासूनच, लाइन चार्टला थोडी सूट चालते.

मग सगळे बार राखाडी केले, फक्त घसरलेला विभाग नारिंगी. लाल-हिरवं बंद, कारण काही पुरुषांना ते दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत, आमच्या टीममध्येच एकजण निघाला, बिचारा कधी बोललाच नव्हता. टेबलमधले आकडे उजवीकडे अलाइन केले, नको ते दशांश उडवले. आणि "विभागवार विक्री" हे टायटल बदलून थेट लिहिलं, "उत्तर विभागाची विक्री सलग ३ महिने घसरतेय".

पुढच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न आला, "उत्तरेत नेमकं काय झालंय?"