प्रायव्हेट सेलमध्ये घेतलेली गन चोरीची निघू नये म्हणून काय बघायचं, आणि निघालीच तर काय करायचं

दोन वर्षांपूर्वी मी इथे टेक्ससमध्ये एका माणसाकडून ४०० डॉलर कॅश देऊन ग्लॉक १९ पिस्तूल घेतली. रेंजवर ओळख झालेला, गप्पिष्ट माणूस, हार्डवेअरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटलो, त्याने पिकअपच्या मागच्या फळीवर टॉवेल उलगडला, मी मॅगझिन (गोळ्यांचा कप्पा) काढून चेंबर, म्हणजे नळीत गोळी बसते ती जागा, रिकामा आहे ना ते बघितलं, पैसे दिले, पाच मिनिटांत विषय संपला. बॉक्स विचारला तर म्हणे घर बदलताना हरवला. मी मान डोलावली. आठवड्याने साफ करायला टेबलावर पेपर पसरून उघडली तेव्हा दिसलं की फ्रेमवरचा (मुठीसकट खालचा सांगाडा) नंबर एक आणि स्लाइडवरचा (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) दुसराच.

पुढे जे झालं त्यातून हे लिहितोय. मी वकील नाही, आणि इथे प्रत्येक स्टेटचा कायदा वेगळा, तेवढं धरून वाचा. भारतात हा प्रश्न असा येतच नाही, तिकडे दोघांकडे लायसन्स लागतं आणि विकण्याआधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. अमेरिकेत मात्र टेक्ससारख्या बऱ्याच स्टेटमध्ये एकाच स्टेटमधल्या दोन माणसांनी आपापसात गन विकली तर बॅकग्राउंड चेक नाही, कागद नाही, काही नाही. (कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कोलोरॅडो, वॉशिंग्टन इथे तसं चालत नाही, तिथे चेक लागतोच.)

स्टेप शून्य, कारण आपल्या लोकांत हीच चूक सगळ्यात जास्त होते: तुम्ही मुळात गन घेऊ शकता का ते बघा. एच१बी, एल१, एफ१ वगैरे नॉनइमिग्रंट व्हिसावर इथे आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने गन जवळ ठेवायला बंदी आहे. व्हॅलिड हंटिंग लायसन्स वगैरे अपवाद आहेत, पण ते मित्राच्या भरवशावर नाही, वकिलाला विचारून वापरायचे. ग्रीन कार्डवाल्याला चालतं. पण ग्रीन कार्डवाल्यानेही लक्षात ठेवा, गनच्या कायद्याखाली शिक्षा झाली तर डिपोर्टेशनचं कारण होऊ शकतं, म्हणजे ४०० डॉलरच्या सौद्यापायी इथलं सगळं बिऱ्हाड पणाला लागतं.

स्टेप १, पैसे द्यायच्या आधी नंबर बघा. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टपासून कंपनीत बनलेल्या प्रत्येक नवीन गनवर सिरीयल नंबर सक्तीचा आहे. त्याच्या आधीच्या जुन्या पॉइंट टूटू (.22 बोअरच्या) रायफली नि शॉटगनवर कधीकधी नंबर नसतोच, त्यात वावगं काही नाही. नवीन गनवर मात्र नंबर घासलेला, ठोकून सपाट केलेला दिसला तर हात पण लावू नका, तशी गन जाणूनबुजून जवळ ठेवणं हाच वेगळा गुन्हा आहे, चोरीची असो वा नसो. ग्लॉकवर फॅक्टरीतून तोच नंबर तीन ठिकाणी येतो: फ्रेमखालच्या छोट्या धातूच्या पट्टीवर, स्लाइडवर आणि बॅरलवर. सिग पी३२० या पिस्तुलाची गंमत वेगळी, तिथे कायद्याच्या दृष्टीने ‘गन’ म्हणजे आतला धातूचा भाग, त्याचा नंबर ग्रिपच्या खिडकीतून दिसतो. नंबर जुळले नाहीत म्हणजे चोरीचीच असं नाही, लोक हौसेने स्लाइड बदलतात, पण मग विकणाऱ्याला ते माहीत असतं आणि तो आपणहून सांगतो. माझा काही बोलला नाही. बॉक्स असेल तर त्याच्या लेबलवरही नंबर असतो, तो पण पडताळून बघा.

स्टेप २, तो नंबर चोरीचा आहे का हे तपासायचं कसं? इथेच गोची आहे. चोरीच्या गनची यादी एफबीआयच्या एनसीआयसी नावाच्या सिस्टिममध्ये असते, १९६७ पासून चालू आहे, पण ती पोलिसांसाठी, तुमच्या आमच्यासाठी नाही. फ्लोरिडाच्या पोलीस खात्याने लोकांसाठी ऑनलाइन सर्च ठेवलाय, पण त्यात फ्लोरिडातल्याच तक्रारी. आणि कुठल्याही यादीत नाव नाही म्हणजे गन स्वच्छ असं समजू नका, कारण मूळ मालकाने नंबरच लिहून ठेवला नसेल तर पोलीस यादीत टाकणार काय?

लोकांना वाटतं डीलरकडून बॅकग्राउंड चेक करून घेतला की झालं. मलाही तसंच वाटायचं. पण तो चेक माणसाचा असतो, गनचा नाही! तुम्ही फॉर्म ४४७३ (डीलरकडे गन घेणाऱ्याने भरायचा सरकारी फॉर्म) भरता, सिस्टिम तुमचं रेकॉर्ड बघते, गन कुणाच्या ट्रकमधून उचललीय याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. तरीही मी म्हणेन व्यवहार लायसन्सवाल्या डीलरकडेच करा, साधारण २५ ते ५० डॉलर घेतात. एक तर त्याच्या रजिस्टरमध्ये नंबर आणि विकणाऱ्याचं नाव चढतं, आणि दुसरं म्हणजे डीलरकडे जाऊ म्हटल्यावर चोर येतच नाही, “अरे मला घाई आहे” म्हणून फोन ठेवतो. अख्ख्या स्टेपमधली खरी चाळणी हीच आहे. विकणारा दुसऱ्या स्टेटमधला असेल तर डीलरमार्फतच करावं लागतं, तिथे पर्यायच नाही.

स्टेप ३, बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीचा लेखी कागद. मेक, मॉडेल, सिरीयल नंबर, तारीख, किंमत, दोघांच्या सह्या, दोघांच्या ड्रायव्हिंग लायसन्सची माहिती. सही नको म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, बस. मेसेज डिलीट करू नका आणि पैसे होता होईल तो कॅशमध्ये देऊ नका.

हे सगळं का, तर फेडरल कायद्यात चोरीची गन जवळ ठेवण्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण त्यात अट अशी की तुम्हाला चोरीची आहे हे माहीत असलं पाहिजे किंवा तसा संशय यायला वाजवी कारण असलं पाहिजे. म्हणजे खरंच माहीत नसेल आणि संशय यायला कारणही नसेल तर गुन्हा नाही. पण निम्म्या किमतीत, अंधारात, बॉक्स नाही, नाव नाही, अशी घेतली असेल तर “मला काय माहीत” कोण ऐकणार, चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची वेळ.

आता स्टेप ४, घेऊन झाली आणि संशय आला. ज्या क्षणी संशय आला त्या क्षणापासून तुम्ही ‘माहीत नसलेले’ उरत नाही, तेव्हा जे कराल ते मोजलं जातं. माझी तर पाचावर धारण बसली होती, पहिला विचार आला की त्यालाच परत द्यावी नि पैसे मागावे. हे अजिबात करायचं नाही! चोरीची आहे हे कळल्यावर कुणालाही देणं, विकणं हा आणखी गुन्हा, शिवाय पुरावा पण गेला. तळ्यात टाकणं, नंबर घासणं हे तर विचारूच नका. मॅगझिन काढून, चेंबर रिकामा करून सेफमध्ये ठेवा, नंबरांचे फोटो काढा आणि वकिलाला फोन लावा. क्रिमिनलवाला, आणि ग्रीन कार्डवर असाल तर इमिग्रेशनवाला पण. मधल्या काळात त्या गनने कुठे काय केलंय हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून पोलिसांशी एकट्याने लांबलचक गप्पा नकोत.

आणि गन पिशवीत घालून पोलीस स्टेशनात जाऊ नका, प्लीज. माझ्या वकिलाने नॉन-इमर्जन्सी नंबरवर फोन करून सांगितलं, ऑफिसर घरी आला, मी दारात रिकाम्या हातांनी उभा, गन कुठल्या खोलीत, रिकामी आहे का, सगळं आधी तोंडी सांगितलं. त्याने फ्रेमचा नंबर रेडिओवर वाचून दाखवला. दोनेक मिनिटं शांतता, मग पलीकडून बाई म्हणाली, हिट आहे, म्हणजे नंबर चोरीच्या यादीत सापडला. शेजारच्या काउंटीत कुणाच्या तरी गाडीतून गेलेली.

स्टेप ५, पावती. केस नंबर असलेली प्रॉपर्टी रिसीट घेतल्याशिवाय ऑफिसरला दारातून सोडू नका. गन तुम्हाला परत मिळत नाही, चोराकडे मालकीच नसते तर तो ती तुम्हाला देणार कुठून, ती मूळ मालकाची, आणि त्याला इन्शुरन्सने पैसे दिले असतील तर कंपनीची. तुमचे पैसे मागायचे ते विकणाऱ्याकडे. टेक्ससमध्ये जस्टिस कोर्टात (छोट्या दाव्यांचं कोर्ट) २०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, पण समोरच्याचं नाव आणि पत्ता लागतो. माझ्याकडे होता एक फोन नंबर, तो तेव्हापासून बंद लागतोय.

जाताजाता, घरातल्या बाकीच्या गनचे नंबर आजच लिहून ठेवा, एटीएफचा (गनचे कायदे बघणारं फेडरल खातं) त्यासाठी साधा छापील फॉर्म आहे, फुकट मिळतो. मी भरून पासपोर्टच्या फाईलमध्ये लावलाय.