एमजीबीचा डॅशबोर्ड आणि आतलं अस्तर कसं काढावं

हे सगळं पहिल्या मालिकेतल्या, म्हणजे 1962 ते 1967 मधल्या एमजीबी रोडस्टर या उघड्या, ब्रिटिश स्पोर्ट्स कारबद्दल आहे. पत्र्याचा डॅश, त्यावर खरबरीत सुरकुत्यांचा काळा रंग, स्मिथ्स कंपनीचे गोल काटे (म्हणजे वेग, दाब वगैरे दाखवणारी गेजं) आणि ल्यूकस कंपनीचं वायरिंग असलेली गाडी. 1968 पासून अमेरिकेत गेलेल्या गाड्यांना तिथल्या सुरक्षा नियमांमुळे जाड गादीचा डॅश बसवला. त्याची रचना निराळी आहे, त्यामुळे इथलं सगळं तिथे जसंच्या तसं लागू होणार नाही.

"वरचे नट सोडा आणि डॅश काट्यांसकट बाहेर ओढा" हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे आणि एकदा पाळलाही आहे. तो चुकीचा आहे. डॅश नटांवर टांगलेला असतो हे खरं, पण त्याला अडवून धरतात ते मागून आलेले दोन बारीक पाइप, एक केबल आणि तारांचा जुडगा. हे आधी मोकळं केलं, की डॅश स्वतःहून हातात येतो. ओढून काढला तर यातलं काहीतरी तुटतंच, आणि तुटतं ते नेमकं सगळ्यात महाग.

सुरुवात बॅटरीपासून. सीटच्या मागे, झाकणाखाली 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागून एक जोडलेल्या असतात. इथे "आधी निगेटिव्ह काढा" ही सवय सोडा. या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॉडीला जोडलेलं टोक पॉझिटिव्ह असतं आणि आधी तेच सोडायचं. निगेटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. गाडी आधीच्या मालकाने निगेटिव्ह अर्थ करून घेतलेली असू शकते, म्हणून चिन्ह पाहण्याऐवजी बॉडीला गेलेली पट्टी शोधा आणि ती सोडा.

पाने इंची घ्या. 1/2 इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यावर 13 चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या नटाचे कोपरे तोच गोल करतो. डॅशच्या मागे, हात जेमतेम पोचतो तिथे, कोपरे गेलेला नट म्हणजे अख्खा दिवस गेला.

सीट काढा, गालिचे काढा, मधला स्पीकरचा कन्सोल काढा, पायाजवळची बाजूची अस्तरं काढा. स्क्रू दिसतात, दिसतात तिथून निघतात. सीटच्या रुळांखाली लाकडी पट्ट्या असतील तर त्या रुळांबरोबरच बांधून ठेवा.

दाराच्या अस्तराला मात्र जरा वेळ द्या. काच वरखाली करायचं हँडल आणि ओढायची मूठ काढली, की उरतात फक्त क्लिपा. अस्तराचा पुठ्ठा इतक्या वर्षांत ओल खाऊन मऊ झालेला असतो. कडेला बोटं घालून ओढलं तर क्लिप दारातच राहते आणि तिच्याभोवतीचा पुठ्ठा फाटून येतो. दोन टोकांचं चपटं हत्यार क्लिपच्या अगदी मानेशी सरकवा आणि एकेक क्लिप उचला. आतला प्लॅस्टिकचा कागद फेकून देऊ नका. पुठ्ठ्याचं ओलीपासून रक्षण तोच करतो. फाटला असेल तर त्याच मापाचा नवा कापा.

स्टिअरिंगचं चाक काढलं तर काम निम्म्याने सोपं होतं. मधला नट पूर्ण काढू नका. तो चार-पाच आटे राहू द्या आणि मग चाक दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलवून खेचा. सुटतं तेव्हा ते एकदम सुटतं, आणि नट नसेल तर थेट तोंडावर येतं. कॉलमच्या, म्हणजे चाकाच्या दांड्याच्या, ब्रॅकेटचे बोल्ट ढिले करून कॉलम खाली घ्या. तिथे मध्ये वायसर किंवा पत्र्याचे तुकडे असतील तर कुठे किती होते ते लिहून ठेवा. कॉलम सरळ रेषेत राहतो तो त्यांच्यामुळे.

आता तारा. त्या सोडण्याआधी चिठ्ठ्या लावा. फोटो काढलेच पाहिजेत, पण नुसत्या फोटोंवर विसंबू नका. ल्यूकसचे रंग चोख आहेत: तपकिरी तार बॅटरीची, कायम जिवंत. पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होते. हिरवी तीच, पण फ्यूजमधून आलेली. जांभळी कायम जिवंत, फ्यूजमधून. लाल बाजूच्या दिव्यांची, निळी पुढच्या दिव्यांची, काळी अर्थची. कागदावर हे सुंदर आहे. प्रत्यक्षात पन्नास-साठ वर्षांच्या धुळीने आणि उन्हाने पांढरी पिवळी पडते, जांभळी तपकिरी दिसते, आणि फिकट हिरवी कुठली नि हिरवी कुठली हे फोटोत कळत नाही. म्हणून चिठ्ठीवर रंग लिहू नका, जागा लिहा: "पेट्रोल काटा, डावं टोक". चिकटपट्टीच्या चिठ्ठ्या काही महिन्यांत गळून पडतात. दोऱ्याने बांधायच्या कागदी चिठ्ठ्या वापरा. गोळीसारखी टोकं असलेले जोड उपसताना पकडीत तार धरू नका, टोक धरा.

टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा काटा) इलेक्ट्रॉनिक असेल तर पाठीमागे एक गोष्ट नीट पाहा. इग्निशनची पांढरी तार त्याच्या पाठीवरच्या छोट्या चौकटीतून वेटोळं घेऊन जाते. वेढा कुठून कुठे आहे, किती आहे, याचं चित्र काढा. परत बसवताना वेढा उलटा पडला तर इंजिन चालेल, पण काटा खरं सांगणार नाही. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत टॅकोमीटरला केबल असते, तिथे हा प्रश्न येत नाही.

यापुढचा टप्पा मला सगळ्यात जड गेला आणि मी एक गेज त्यातच गमावलं.

ऑइलचा दाब आणि पाण्याचं तापमान एकाच गोल गेजमध्ये दाखवलेलं असतं. त्याच्या पाठीतून दोन नळ्या निघतात. एक ऑइलची, ती सोडता येते. दुसरी तापमानाची, आणि ती सुटत नाही. इंजिनच्या हेडमधला (वरच्या भागातला) बल्ब, म्हणजे दिवा नव्हे तर तापमान घेणारी बंद कुपी, तिथून डॅशपर्यंतची सुतळीएवढी नळी आणि गेजमधली वळलेली चपटी नळी हे सगळं मिळून एकच बंद भांडं आहे. आत इथर भरलेला असतो. पाणी तापलं की त्याच्या वाफेचा दाब वाढतो आणि तोच दाब काटा हलवतो. नळीला कुठेही चीर पडली की इथर उडून जातो आणि गेज मरतं. अशी नळी सांधून चालत नाही. ती बदलून, पुन्हा भरून, बंद करून द्यावी लागते आणि ते घरच्या हत्यारांचं काम नाही. म्हणजे हे गेज गाडीतून काढायचं तर बल्ब हेडमधून काढून, अख्खी नळी फायरवॉलमधून (इंजिन आणि आतल्या भागामधल्या पत्र्यातून) आत आणून, सगळं एकत्रच काढावं लागतं.

माझी चूक अशी झाली. हेडच्या पुढच्या टोकाला, थर्मोस्टॅटजवळ, बल्ब धरून ठेवणारा नट आहे. नळी त्याच्या मधून जाते. मी पाना लावला, नट फिरला, मला आनंद झाला. पण नट गंजून नळीला धरून बसला होता आणि त्याच्याबरोबर नळीही फिरत होती. दीड वेढ्यानंतर तिला पीळ बसला आणि "टक्" असा बारीक आवाज आला. क्षणभर इथरचा गोडसर वास आला. तो वास आला की समजायचं, आता काही करण्यासारखं उरलं नाही.

तेव्हापासून मी असं करतो. आदल्या दिवशी नटावर गंज सोडवणारं तेल घालतो, आणि आट्यांवर जितकं घालतो तितकंच नळी नटात शिरते तिथेही. दुसऱ्या दिवशी हेडच्या पातळीखाली जाईल इतकं पाणी काढतो. इंजिन कोमट असलेलं चांगलं, गरम मुळीच नको. मग नळीवर, नटापासून दोन बोटं अंतरावर, पेनाने एक सरळ रेघ मारतो. पाना फक्त पाव वेढा फिरवायचा आणि रेघेकडे पाहायचं. रेघ जागेवर असेल तर पुढे जा. रेघ फिरली तर तिथेच थांबा, नट परत फिरवा, पुन्हा तेल घाला आणि थांबा. एका गाडीत हे मी तीन दिवस केलं. नट पुढे-मागे हलवत राहिलं की गंज भुगा होऊन बाहेर येतो आणि नळी सुटी होते. घाई करून काही मिळत नाही.

नट सुटला तरी बल्ब भोकात अडकलेला असू शकतो. नळी धरून ओढायची नाही. नट मागे सरकवा, बल्बच्या खांद्याला बारीक पकड लावा, हळूच एकदा इकडे एकदा तिकडे फिरवा. निघाला की त्याला कापड गुंडाळा.

फायरवॉलमधलं रबर आधी काढा, मग बल्ब भोकातून आत घ्या. बाहेरून एकाने नळी सोडत जायची आणि आतून दुसऱ्याने घेत जायची, हे काम एकट्याने करू नका. नळीला इंजिनजवळ मुद्दाम दिलेली वेटोळी असतात, ती कंपनं झेलण्यासाठी आहेत. ती सरळ करू नका. आत आलेल्या नळीचा मोठा सैल गोल करून गेजच्या पाठीला बांधा. कुठेही कोन पडता कामा नये.

ऑइलची नळी सोडताना खाली जाड फडकं अंथरा, थोडं तेल गळतंच. दोन पाने लावा: एकाने गेजची मान धरा, दुसऱ्याने नट फिरवा. मान धरली नाही तर ती गेजच्या आत पिळली जाते. जोडात चामड्याचं छोटं वायसर असतं, ते तेलाने काळं होऊन चिकटलेलं असतं आणि दिसतही नाही. ते शोधून डबीत ठेवा. चालू इंजिनात या नळीत दर चौरस इंचाला 50 ते 80 पौंडांचा दाब असतो आणि वायसर विसरलं तर तेल पायांवर येतं.

बाकीचे काटे सोपे आहेत. मागच्या पट्टीचे खाचेदार नट हातानेच फिरतात, काळी अर्थची तार त्यांच्याखालीच असते. स्पीडोमीटरची केबल ताणलेली वाटली तर इंजिनच्या बाजूने थोडी आत ढकला. ट्रिप मीटरची छोटी केबल डॅशच्या खालच्या कडेला अडकवलेली असते, ती विसरली जाते. हीटरच्या बटणांखाली बारीक भोक आहे. त्यात टाचणी दाबली की बटण निघतं. नियंत्रणं केबलींसकट मागे लोंबत राहू द्या.

आता डॅशचे नट. वरच्या कडेचे नट खालून, पाठीवर झोपून, बोटांनी चाचपून काढायचे. हवेच्या कागदी नळ्या आधी उपसून घ्या, म्हणजे हाताला वाट मिळते. मधले पटकन येतात, दोन टोकांचे त्रास देतात. तिथे आखूड दांड्याचा रिंग पाना लागतो, आणि नट शेवटच्या आट्यावर आला की पान्याच्या भोकावर वरून चिकटपट्टी लावा, म्हणजे तो पडून हरवत नाही. खालच्या कडेचे स्क्रू सगळ्यात शेवटी. डॅश आधी खालून स्वतःकडे घ्या, मग खाली सरकवा. अडला तर ताकद लावू नका, एखादी तार राहिली आहे.

पुढची काच बदलायची किंवा तिचं रबर घालायचं मनात असेल तर आत्ताच करा. काचेच्या खांबांचे बोल्ट डॅशच्या टोकांमागे दडलेले असतात आणि डॅश जागेवर असताना तिथे पोचणं फार कठीण आहे.

तापमानाचं गेज कपाटात ठेवण्याआधी त्याचा बल्ब गरम पाण्याच्या भांड्यात बुडवा. काटा सावकाश चढला आणि बाहेर काढल्यावर उतरला, तर नळी शाबूत आहे. मग गेज त्या सैल गोलासकट उभ्या खोक्यात ठेवा आणि खोक्यावर दुसरं काही ठेवू नका.