ठरावाचं पहिलं वाक्य कसं लिहायचं

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात मी सदस्य झाले, तेव्हा पहिल्याच वर्षी त्या पैशांतून सात शिलाई मशीन आणली. ठरावात मीच लिहायला लावलं होतं, ‘गावातील महिलांना रोजगार नाही.’ दिवाळीनंतर घरोघर बघायला गेले, तर पाच मशीनवर गोधड्यांची चळत. एक मावशी म्हणाली, “ताई, मशीन शे, पन येळ कोठे शे?” तिच्या बोटांकडे बघितलं. वाळलेल्या बोंडांची टोकं लागून नखांशेजारची कातडी उलली होती. पहाटे पाणी, मग भाकरी, आठला वेचणीला, दिवसभर कमरेला कापसाची ओटी, अंधार पडता पडता काट्यावर वजन, घरी येऊन पुन्हा चूल. रोजगार नाही असं मी जिच्याबद्दल लिहिलं, ती पहाटेपासून रात्रीपर्यंत कामातच होती.

‘रोजगार नाही’ लिहिलं की मशीन येतं. ‘वेळ नाही’ लिहिलं असतं, तर दारात नळ आला असता, वेचणीच्या दिवसांत लेकरं सांभाळायला कुणीतरी बसलं असतं. पैसे तेवढेच लागले असते. नव्यानं निवडून आलेल्या बहिणी विचारतात, म्हणून पुढचं सविस्तर लिहिते.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते, तसा कायदाच आहे. तिथे “तुमच्या समस्या सांगा” असं कधी विचारू नका. बायका ऐकलेलंच सांगतात: दारूबंदी, बचत गट, मशीन. त्याऐवजी विचारा, “काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं?” आणि वेळेसकट लिहून घ्या. चार-पाच जणींचा दिवस कागदावर आला, की खरा प्रश्न आपोआप दिसतो.

मग वाक्य लिहा आणि त्याला एकच प्रश्न विचारा. या वाक्याप्रमाणे बदलायचं कुणी? उत्तर ‘मुलींनी’ किंवा ‘बायकांनी’ असं आलं, तर वाक्य खोडा. आमच्याकडे दहावीनंतर मुली घरी बसायच्या. ‘पालकांमध्ये शिक्षणाविषयी जागृती नाही’ असं लिहिलं, तेव्हा एक भाषण झालं. ‘मुली असुरक्षित आहेत’ असं लिहिलं, तेव्हा स्टँडवर कॅमेरा लागला आणि आणखी दोन बापांनी लेकींना घरी बसवलं, कारण गाव धोक्याचं आहे हे आता पंचायतच सांगत होती! मला त्या दोन मुलींचं अजून वाईट वाटतं. तिसऱ्यांदा लिहिलं: ‘ज्युनिअर कॉलेज पाचला सुटतं, गावाकडे येणारी शेवटची एस.टी. साडेचारला निघते. त्यामुळे अकरा मुलींचं शिक्षण थांबलं आहे.’ मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे. पास होता, गाडीच नव्हती. या वाक्यात बदलायचं होतं ते वेळापत्रक. डेपोला तीन अर्ज गेले आणि गाडी साडेपाचची झाली.

जे वाक्य सगळ्यांना चटकन पटतं, तिथे जास्त सावध राहा. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागे ८४२ मुली निघाल्या. ‘बेटी बचाओ’ २०१५ मध्ये ज्या पहिल्या १०० जिल्ह्यांत सुरू झालं, त्यांत आपलं जळगाव होतं. भिंतींवर लिहिलेलं मी वाचलंय, ‘मुलगी नसेल तर सून कुठून आणाल?’ टाळ्या मिळतात, पण या वाक्यात मुलगी दुसऱ्याच्या मुलाची सोय म्हणून जगते. सून मिळेना हाच प्रश्न ठरला, तर दलालाला पैसे देऊन लांबून मुलगी आणली की तो सुटला. १९९४ चा गर्भलिंगनिदानाचा कायदा बघा. त्यानं बोट सोनोग्राफी केंद्राकडे आणि डॉक्टरकडे दाखवलं. बाईवर नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली असं त्यात गृहीत धरलंय, तिनं स्वतःहून केलं हे दुसऱ्यानं सिद्ध करावं लागतं. म्हणून ठरावात केंद्रांच्या तपासणीची मागणी लिहा, सुनेची काळजी नको.

हे सगळं शेवटी इतिवृत्ताच्या वहीत उतरतं, आणि घात तिथेच होतो. आपण अर्धा तास बोलायचं आणि वहीत एकच ओळ, ‘महिलांच्या अडचणींवर चर्चा झाली.’ अशा ओळीला कुठलंही ऑफिस उत्तर देत नाही. आपलं वाक्य आधी कागदावर लिहून न्या, ग्रामसेवक भाऊंना तसंच उतरवायला सांगा आणि मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय एकीनंही सही किंवा अंगठा देऊ नका.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं राज्यभरासाठी परिपत्रक काढलं. एका गावाच्या वहीतलं वाक्य एवढं लांब जाऊ शकतं. आमच्या गावानं तसाच ठराव घेतला, तेव्हा बांगड्या, कुंकू, हळदीकुंकवाचा मान हे सगळं आलं होतं. मी एक ओळ वाढवायला लावली: ‘पतीच्या निधनानंतर वारसनोंदीचा अर्ज ग्रामपंचायत भरून देईल व तलाठ्याकडे पाठपुरावा करेल.’ सभेत कुजबुज झाली, दोन दीर मंडळी उठून गेली. मी जागची हलले नाही. ओळ वहीत राहिली. यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी एका विधवा सुनेच्या नावाचा पहिला सातबारा आला. ती पोरगी तो हातात धरून ओट्यावर बसली होती, आणि तिची सासू तिला नाव परत परत वाचायला सांगत होती.